जल्लादाची शेवटची लढत

आमच्या घरात जल्लादाचं नाव शिवीसारखं वापरतात. दूध उतू गेलं की मेला जल्लाद. नळाला पाणी आलं नाही की जल्लादाचं तळपट होवो. ही पद्धत आईने पाडली आणि ती गेल्यावर मी इमानाने चालू ठेवली. जल्लाद हे त्याचं कुस्तीच्या रिंगमधलं नाव. काळा मुखवटा, लोखंडी साखळी, पोरं त्याला बघून आईच्या पदरात तोंड खुपसायची. एरवी माणूस असा, की आमच्याकडे आला की चपलासुद्धा नीट जोडून काढायचा. दादाचा जिवलग दोस्त होता तो. पण ते आधीचं.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. रिंगमध्ये त्याला ‘वीज’ म्हणायचे. आता ही वीज मानेखाली पूर्ण गेलेली आहे. पुढच्या खोलीतल्या पलंगावर तो पडून असतो, त्याला दर दोन-तीन तासांनी मी कुशीवर वळवते, भरवते, पुसते. मधल्या वेळात शाळेचे गणवेश शिवते. माझं लग्न ठरलं होतं, ते मीच मोडलं. आई एकटी त्याला उचलणार कशी? लोक म्हणतात, काय बहीण आहे! मी म्हणते, तुम्ही येऊन एकदा उचलून बघा.

परवा टीव्हीवाल्या बाईंचा फोन आला. जुन्या गाजलेल्या कुस्त्या रविवारी दुपारी पुन्हा दाखवतात, त्यात दादाची शेवटची लढत दाखवणार होते. गोदामात दुसऱ्या कॅमेऱ्याच्या टेपा सापडल्या म्हणे, कधीच न दाखवलेल्या. दादाची दोन वाक्यं हवी होती. जल्लादाच्या घरून नकार आला होता, पण तुम्ही प्रयत्न करून बघा म्हणून त्यांचा नंबरही पाठवला. मी मनात म्हटलं, कुठल्या तोंडाने बोलेल तो?

दादा नको म्हणाला. दोन वाक्यंही नकोत आणि बघायचंही नाही. मला वाटलं, जिवाला लागतं बिचाऱ्याच्या. पण मला बघायचं होतं. त्या माणसाची करणी एकदा या डोळ्यांनी नीट बघून मला पोटभर शिव्या द्यायच्या होत्या. टीव्ही त्याच खोलीत, मान वळवायची तर त्याची सोय नाही. मी लावला.

बाहेरच्या माणसाला यातली एक गोष्ट सांगायला हवी. या कुस्त्या नाटकच असतात. कोण जिंकणार ते कपडे बदलायच्या खोलीतच ठरलेलं असतं. पण पडणं खरं असतं हो! वर बोटभर गादी आणि खाली फळ्या, तिथे पाठ आपटते ती काही नाटकात आपटत नाही. म्हणून यांच्यात एक धर्म पाळतात. अवघड आपट झाली की उचलणाऱ्याने पकड घातल्याचं सोंग करून पडलेल्याचा हात हळूच दाबायचा. बरा आहेस ना? त्याने उलट दाबला तर पुढे चालू. नाही दाबला तर तिथेच थांबायचं, पब्लिक गेलं खड्ड्यात. हे जो पाळत नाही त्याच्याबरोबर पुन्हा कोणी रिंगमध्ये उतरत नाही. मला हे पक्कं ठाऊक, कारण घंटा वाजवायला मीच रिंगला लागून बसायचे.

त्या दिवशी विजेता म्हणून पट्टा दादाला मिळायचा ठरला होता. किती वर्षं मार खाऊन त्याची पाळी आली होती! जल्लाद त्याला उलटा उचलून एकदा आपटणार, दुसऱ्यांदा उचलताना दादा निसटून त्याला खाली घेणार आणि मी घंटा वाजवणार. पहिली आपटच वाकडी गेली, दादा मानेवर पडला. जल्लाद त्याच्यावर वाकला. मला नुसती त्याची पाठ दिसली, टीव्हीच्या कॅमेऱ्यालाही तेवढंच दिसलं. मग त्याने दादाला पुन्हा उचललं. दादा निसटला नाही, ओल्या पोत्यासारखा खाली आला. लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते.

दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर दादा म्हणाला, “माझा हात सुन्न झाला होता. मी दाबलाच नाही. तरी त्याने उचललं.”

जल्लाद बाहेर बाकावर बसला होता. तो म्हणाला, “त्याने दाबला होता, आई. शपथ घेऊन सांगतो.” आई त्याच्या तोंडावर थुंकली. त्याचं काम त्याच आठवड्यात सुटलं. कुठेतरी ट्रकमध्ये पोती चढवतो असं ऐकलं होतं, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं होतं.

तर टीव्हीवर ती लढत लागली. कॅमेरा समोरच्या बाजूचा. दादा काय देखणा दिसायचा हो! पहिली आपट झाली. जल्लाद वाकला. दादाचा हात त्याने आपल्या पंजात घेतला आणि दाबला. मुखवट्यातून त्याचे ओठ हलताना दिसले, काहीतरी विचारत होता. मग दादाची बोटं वळली. एकदा. जल्लाद उठला नाही. त्याने पुन्हा दाबला. आणि दादाच्या बोटांनी त्याचा पंजा असा करकचून धरला, की नखं पांढरी झालेली दिसली.

कार्यक्रमवाल्यांना त्यातलं काही कळलं नाही. मागून बोलणारा पट्ट्याबद्दल बडबडत होता.

मी टीव्ही बंद केला. दादाने डोळे मिटून घेतले होते.

“दाबलास,” मी म्हटलं.

त्याने डोळे आणखी घट्ट मिटले.

“दादा, तू दोनदा दाबलास!”

“पट्टा माझा होता त्या दिवशी,” तो म्हणाला. “थांबलो असतो तर पुन्हा कोणी दिला असता? वाटलं, एवढं एक निभेल.”

“आणि नंतर? खोटं का बोललास?”

“एकदा तोंडातून गेलं. मग आई भरवायला बसली की त्याला शिव्या द्यायची. शिव्या देत देत भरवायची. ते बंद झालं असतं तर माझ्याकडे बघून काय बोलली असती? तू तरी काय बोलली असतीस? दुसऱ्याने पाडलेल्याला माणसं सांभाळतात. स्वतःच्या हावेने पडलेल्याला कोण सांभाळतं?”

माझं डोकंच फिरलं. “अरे, हात तू दाबलास आणि आयुष्य माझं आपटलंस! आईचं आपटलंस! मरताना तिच्या तोंडात देवाचं नाव नव्हतं, त्या माणसाचा शाप होता. आणि मी त्याला मेलास का म्हणून रोज विचारत बसले!” आणखीही बोलले, ते इथे सांगण्यासारखं नाही. तो रडत होता. नाकातलं पुसायला हात चालत नाही त्याचा, ते मलाच पुसावं लागलं. या घरात रागावून निघून जायचीही सोय नाही. पुसता पुसता मी त्याला चांगलंच घासलं.

मग मी तो नंबर काढला.

“नको,” दादा म्हणाला. “तुझ्या पाया पडतो.”

“तेवढं तरी येतंय का तुला?” असं मी बोलले. बोलायला नको होतं. पण बोलले, आणि फोन लावला, आणि त्यालाही ऐकू जावं म्हणून आवाज मोठा करून त्याच्या उशीशी ठेवला.

जल्लादाच्या बायकोने उचलला. मी कोण ते सांगितलं. ती फोन ठेवते की काय असं वाटलं, म्हणून मी घाईघाईने सगळं ओकून टाकलं. टेप, दुसरा कॅमेरा, बोटं. “वहिनी, त्याने दाबला होता. दोनदा. तुमचे हे खरं बोलत होते. त्यांना द्या फोन, दादाला माफी मागायची आहे.”

या वेळी दादा नको म्हणाला नाही. त्याचा श्वास तेवढा जोरात येत होता.

“त्यांना देऊन काय करू?” ती म्हणाली. “ते आता कोणाला ओळखत नाहीत. मलासुद्धा नाही. मला नर्स समजतात.”

“कधीपासून?”

“झाली की बरीच वर्षं. डोक्यावर काय कमी आपटलेत? सगळं विसरलेत, पोरांची नावं विसरलेत. एवढंच राहिलंय. रोज संध्याकाळी उठून बसतात, घाम फुटतो, आणि विचारतात, ‘त्याने हात दाबला होता ना?’ मी म्हणते, ‘हो, दाबला होता.’ मग झोपतात.”

“म्हणजे तुमचा तरी विश्वास होता,” मी म्हटलं. मला तेवढाच आधार वाटला.

“नाही हो,” ती म्हणाली. “नव्हता. विजेसारखा माणूस अंथरुणाला खिळून खोटं कशाला बोलेल, असंच मला वाटायचं. यांनीच घाई केली असणार. पंधरा वर्षं मी यांच्याशी धड बोलले नाही. पोरगा तर घर सोडून गेला, शाळेत सगळे त्याला जल्लादाचा म्हणायचे. आता हे आजारी पडले म्हणून मी नुसतं हो म्हणायचे. लहान मुलाला म्हणतात ना, तसं.”

 

तिकडे मागून म्हाताऱ्या माणसाचा आवाज आला. काहीतरी विचारत होता. शब्द कळले नाहीत, पण ती वळून म्हणाली, “हो, दाबला होता.” आणि पुन्हा, जरा मोठ्याने, “हो हो, दोनदा दाबला होता.”

मग ती फोनवर आली. “पाहिलंत? आज खरं सांगितलं तरी त्यांना कालच्यासारखंच वाटलं,” ती म्हणाली, आणि तिने फोन ठेवला.