बांधलेला हात

सकाळचे साडेसात म्हणजे त्या घरात धांदलीची वेळ. स्टोव्हवर दूध उतू जायच्या बेतात होतं, दोन वर्षांचा बोक्या एक पाय चड्डीत आणि एक बाहेर अशा अवस्थेत घरभर पळत होता, आणि त्याच्या मागे त्याची आई.

"अरे, थांब की जरा! बापाच्या हाताखाली दहा माणसांचे कपडे तयार होतात, आणि लेक असा उघडा!"

आजी हसली. तिने तीस वर्षं सरकारी इस्पितळाच्या धुलाईघरात चादरी धुतल्या होत्या. निवृत्तीच्या पैशांतून घेतलेल्या या दोन खोल्या तिच्या नावावर होत्या. मुलगा शिंपी, सगळे त्याला मास्तर म्हणत. पुढच्या खोलीत खिडकीशी त्याचं मशीन होतं.

पाच वर्षांची चिंगी पाटावर बसून दूध-पाव खात होती. पाय हलवत, गाणं गुणगुणत. चमचा डाव्या हातात.

मास्तर मापाची लाकडी पट्टी घेऊन आत आला आणि थबकला.

"उ-उ-उजवा," तो म्हणाला.

चिंगीने घाईघाईने चमचा बदलला. उजव्या हातात तो वाकडा झाला आणि दूध फ्रॉकवर सांडलं. पट्टी डाव्या हाताच्या बोटांवर बसली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा मनगटावर. पोर किंचाळली नाही. तिने ओठ आत ओढून घेतले आणि हात काखेत दडवला. तो तिथून ओढून काढून त्याने चौथा फटका दिला.

"अहो, पुरे!" सून म्हणाली.

"तू म-म-मध्ये बोलू नकोस!"

मास्तर लहानपणापासून अडखळत बोलायचा. गिऱ्हाइकाशी शांतपणे बोलताना फारसं जाणवत नसे. पण रागात शब्द अडला, की हात सुटायचा. बायकोच्या कानशिलावर तो दोनदा सुटला होता, आणि दोन्ही वेळा आजीने शेजारी सांगितलं होतं की दार लागलं.

आजी म्हणाली, "मार, पण हाडावर नको मारूस. मांडीवर मार."

यालाच ती दया समजत होती. इस्पितळात तिने मोडकी हाडं पाहिली होती.

शेजारच्या मावशी दारातून डोकावल्या. "काय, सकाळीच सुरू? डावरी आहे ना ती? जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात."

"आम्ही घालवू," मास्तर म्हणाला. "शाळेत जायच्या आ-आधी घालवू. माझी घालवली ना आईने!"

"घालवली हो," आजी म्हणाली, आणि त्यात थोडा अभिमानही होता. मास्तर चार वर्षांचा असताना तिने त्याचा डावा हात दोन महिने अंगाशी बांधून ठेवला होता. सुटला की चिमटा गरम करून लावायची. शेवटी पोरगं उजव्या हाताने जेवू लागलं. त्याच सुमारास ते अडखळत बोलू लागलं. पण दोन गोष्टींचा काही संबंध असेल, असं तेव्हा कुणाच्या मनात आलं नव्हतं.

"मग हिचाही बांध," मास्तर म्हणाला. "नाहीतर मी पट्टीने बो-बोटं मोडतो."

आजीला वाटलं, मारापेक्षा हे बरं. तिने ट्रंकेतून जुन्या मऊ बँडेजची पट्टी काढली. नातीला मांडीवर घेतलं. "माझी शहाणी चिंगी ती! बघ, तुझा हात आता झोपलाय. संध्याकाळी उठवू हं त्याला." तिने हात कोपरात दुमडून पोटाशी धरला, पट्टीचे चार वेढे दिले आणि पाठीवर गाठ मारली. चिंगीचा हात पोहोचणार नाही अशा जागी.

"आजी, खाज आली तर?"

"मला सांग. मी खाजवीन."

आठवडाभर असं चाललं. आजी रोज सकाळी बांधायची आणि संध्याकाळी सोडायची. सोडल्यावर हाताला मुंग्या येत. चिंगी तो दुसऱ्या हाताने उचलून मांडीवर ठेवायची, जसं कुणाचं तरी तान्हं बाळ आहे. सून ते पाहून तोंड फिरवायची. एकदा तिने ती बँडेजची पट्टी लपवून ठेवली. त्या दिवशी मास्तरने तिच्या केसांना धरून तिचं डोकं कपाटावर आपटलं, आणि पट्टी सापडली.

आठव्या दिवशी दुपारी बोक्या उघड्या दारातून जिन्याकडे धावला. चिंगी त्याला आणायला मागे धावली. तिने उजव्या हाताने भावाचा सदरा पकडून त्याला मागे ओढलं, आणि तिचाच तोल गेला. डाव्या बाजूला कठडा होता. धरायला हात नव्हता.

अकरा पायऱ्या. आजीने आतून आवाज ऐकला. धुलाईचं पोतं जिन्यावरून टाकलं की होतो, तसा.

ती खाली पोहोचली तेव्हा पोर तोंडावर पडलेली होती. हनुवटी फाटून आतलं पांढरं दिसत होतं, दोन दात पायरीवर पडले होते, उजवं मनगट नको त्या बाजूला वळलं होतं. मास्तर मागून आला. त्याने आधी काय केलं असेल? कात्री घातली आणि पट्टी कापून खिशात कोंबली. मग मुलीला उचललं.

"जि-जिन्यात खेळताना पडली," तो धावता धावता म्हणाला. "कळलं ना? खेळताना."

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी टाके घातले, हाताला प्लास्टर केलं. मग त्यांनी चिंगीचा डावा पंजा उलटून पाहिला. बराच वेळ पाहिला.

"पडताना मूल दोन्ही हात पुढे टाकतं," त्या म्हणाल्या. "या तळव्याला साधं खरचटलेलंही नाही. आणि दंडावर हे वळ कसले?"

"खेळताना पडली," मास्तर म्हणाला.

सुनेने मान खाली घातली. या इमारतीच्या मागच्या बाजूला आजीने तीस वर्षं बायकापोरांचं रक्त गार पाण्यात धुतलं होतं. प्रत्येक चादरीबरोबर वॉर्डातली आया गोष्ट सांगायची: पायरीवरून पडली, दार लागलं, स्टोव्ह भडकला. धुलाईघरातल्या बाया एकमेकींकडे बघून हसायच्या. काय ही पायरी म्हणायची, दर आठवड्याला कुणाला ना कुणाला पाडते! आणि आज तीच पायरी तिच्या जिभेवर तयार होती.

"हात बांधलेला होता," आजी म्हणाली.

"आई!"

"डावरी आहे म्हणून. मी बांधला, डॉक्टरीणबाई. रोज सकाळी मीच बांधत होते. पट्टी याच्या खिशात आहे."

मास्तरचा शब्द अडला. हात सुटला. आजीच्या तोंडात बसलेली चपराक साऱ्या वॉर्डाने ऐकली.

"मी हे सगळं कागदावर लिहिते आहे," डॉक्टरीणबाई थंडपणे म्हणाल्या. "आणि डावखुरं असणं हा रोग नाही, आजी. मीही डावखुरी आहे." टाके त्यांनी कोणत्या हाताने घातले, हे कुणी पाहिलंच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी चिंगीला घरी आणलं. उजवा हात बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये. सुनेने वाटीत दुधात कुस्करलेला पाव ठेवला. पोर भुकेली होती. वाटीकडे बघून तिच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. पण ती हलेना.

"खा गं, बाळा. या हाताने खा."

चिंगीने डावा हात पाठीमागे नेला आणि मुठीत फ्रॉक घट्ट धरला. आता कुणी बांधला नव्हता. तिनेच बांधला होता.

मास्तर दारात उभा होता. "भ-भरवा तिला. ड-डावा हात लागता कामा नये. आता सुटला तर ज-ज-" त्याने मापाची पट्टी उचलली.

आजी मध्ये उभी राहिली. पट्टी तिच्या खांद्यावर बसली, मग कानावर. रक्ताचा ओघळ मानेवर आला. तिसऱ्या फटक्याला तिने पट्टी हवेत धरली. ओल्या चादरी पिळून पिळून मजबूत झालेले हात होते ते. पट्टी सुटेना.

"घरातून चालता हो," ती म्हणाली.

"काय?"

"खोल्या माझ्या आहेत. मशीन उद्या घेऊन जा."

"मी तु-तुझा एकुलता एक मुलगा!" त्याने सदऱ्याची बाही वर केली. डाव्या मनगटावर चिमट्याचे दोन जुने डाग होते. "तू मला डाग दिलेस! मला क-कुणी वाचवलं? तेव्हा क-कोण मध्ये पडलं?"

"कुणी नाही," आजी म्हणाली. "तुझे वडील पेपर वाचत होते. शेजारणी मला शाबासकी देत होत्या. तू ओरडलास, आणि मी म्हटलं, तुझ्या भल्यासाठीच. तो गुन्हा माझा आहे, आणि तो मी चारचौघांत कबूल करीन. पण त्याची भरपाई ही पोर करणार नाही."

तो बायकोकडे वळला. "तू स-सांग तिला."

सुनेने बोक्याला कडेवर घेतलं होतं. तिच्या कपाळावरचा कपाटाचा वण अजून हिरवा होता. "डॉक्टरीणबाईंनी चौकीचा पत्ता दिलाय," ती म्हणाली. "तुम्ही गेला नाहीत, तर मी जाईन."

जिन्यात शेजारच्या मावशी उभ्या होत्या. "अहो, आईने का कधी पोटच्या गोळ्याला बाहेर काढायचं? बापाने चार फटके मारले तर काय आभाळ कोसळलं?"

"या ना, मावशी, आत या," आजी म्हणाली. "पोरीची हनुवटी बघा आणि मग सांगा, काय कोसळलं ते."

मावशी आत आल्या नाहीत. मास्तर उंबऱ्यावर थांबला. आजी मागून म्हणाली, "ज्या दिवशी शब्द अडला तरी हात उगारणार नाहीस, त्या दिवशी ये. तासभर लागला तरी मी ऐकेन."

तो उतरून गेला. अकरा पायऱ्या, सावकाश.

आजी पाटासमोर येऊन बसली. तिने डाव्या हाताने पाव कुस्करला, तोंडाकडे नेला, आणि अर्धा लुगड्यावर सांडला. सुनेनेही डाव्या हाताने घास घेतला. चिंगी दोघींकडे बघत राहिली. तिची नजर एकदा दाराकडे गेली. हात पाठीमागेच राहिला.

"कधी सोडेल ती?" सुनेने हळूच विचारलं.

"काय माहीत! माझ्या मुलाने अजून सोडलेला नाही." आजीने दुसरा घास उचलला. "पण बांधलाय मी. ती सोडेपर्यंत मी इथून उठणार नाही."