डाव्या पायाची उजवी आवृत्ती

मी एक निगेटिव्ह बोलतेय. हो, तीच, फोटोच्या आधीची. हल्लीच्या पोरांना मला दाखवलं तर ती मला एक्स-रे समजतात आणि कुणाचं हाड मोडलंय ते शोधू लागतात. माझ्याकडे पाहायचं तर उजेडासमोर धरावं लागतं, आणि एवढी सवड आहे कुणाला? माझ्या जगात चिखल पांढरा, दात काळे आणि आभाळ कोळशासारखं. त्यातून खरं काय ते ओळखायची सवय लागली, की माणसं ओळखणं फारसं अवघड जात नाही.

माझा जन्म फुटबॉलच्या मैदानावर झाला. गोलपोस्टच्या मागे चिखलात वर्तमानपत्राचा एक फोटोग्राफर पालथा पडला होता. पोट मोठं, सर्दी कायमची. सामना बरोबरीत रखडला होता आणि लोक उठून जायला लागले होते. तेवढ्यात एक काटकुळा पोरगा चेंडू घेऊन आत घुसला. त्याला सगळे 'डावऱ्या' म्हणत, कारण त्याचा सगळा कारभार डाव्या पायाचा. त्याचे प्रशिक्षक कडेला उभे राहून बोंबलत होते, "उजवा वापर रे, उजवा!" डावऱ्यानं त्या कानानं ऐकलं, या कानानं सोडून दिलं आणि डाव्या पायानं असा फटका हाणला, की गोलकीपर हवेलाच मिठी मारून पडला. कॅमेरा 'खट्' वाजला आणि मी झाले.

काळोख्या खोलीत औषधाच्या ताटलीत मला अंघोळ घातली, चिमट्यानं दोरीला टांगलं. वाळल्यावर फोटोग्राफरनं मला कडेनं धरून उजेडात पाहिलं आणि शिंकला. एवढंच माझं कौतुक. पण माणूस कामाला पक्का. मला दोन बाजू आहेत, एक चकचकीत आणि एक मंद. कुठली वर, कुठली खाली, हे त्याला झोपेतही कळायचं. ते चुकलं तरी फोटो झकास येतो, फक्त उजव्याचं डावं होतं. त्यानं कधी चुकवलं नाही. दुसऱ्या दिवशी डावऱ्या पेपरात झळकला, डाव्या पायानिशी.

मग मी कपाटात गेले. फोटोग्राफर गेला, त्याचं कपाट राहिलं. पुढे वर्तमानपत्र नव्या काचेच्या इमारतीत राहायला गेलं. तिथे कपाटं शोभेनात, म्हणून आम्हाला भंगारवाल्याकडे धाडलं. आणि तिथून मला उचललं रसिकनं.

'रसिक' हे त्याचं टोपणनाव. त्यानंच ते हळूहळू लोकांच्या तोंडी बसवलं. त्याआधी तो न्हाणीघराच्या फरश्या विकायचा. फरश्यांचा धंदा बसला तेव्हा त्याला जुन्या खेळांच्या फोटोंचं वेड लागलं, किंवा वेड लागल्याचं त्यानं जाहीर केलं. जाहिरात बघायला त्याचा मेव्हणा होता. या दोघांनी मला घरी आणलं, सदऱ्याच्या टोकानं खसाखसा पुसलं, आणि मग पांढरे हातमोजे घालून, मला हळुवार हातात धरून, स्वतःचे फोटो काढून घेतले.

पुढे जे झालं ते फरशीवाल्याच्याच हातून होऊ शकतं. रसिकनं मला स्कॅनरच्या काचेवर ठेवलं, चकचकीत बाजू वर करून. फरशीची चकचकीत बाजू नेहमी वर असते ना! झालं, डावऱ्या एका झटक्यात उजवा झाला. छातीवरचा अकरा नंबरही मदतीला आला नाही. इंग्रजीतला अकरा, दोन उभ्या रेघा, इकडून पाहा नाहीतर तिकडून. मागे एखादा फलक असता तर अक्षरं उलटी दिसली असती. मागे नुसती माणसं होती.

छापलेल्या प्रतींना 'मर्यादित आवृत्ती' असं नाव मिळालं. मर्यादा कुठपर्यंत, ते मेव्हणा मागणी बघून ठरवायचा. प्रत्येक प्रतीबरोबर रसिकच्या सहीचा अस्सलपणाचा दाखला. शिवाय गळ्यात मफलर घातलेले एक जाणकार गाठले. त्यांनी 'उजव्या पायात एकवटलेला काळ' असा लेख लिहिला. हे जाणकार बस सुटत असली तरी धावत नसत. लेख मात्र सगळ्यांना फार आवडला, कारण तो कुणाला कळला नाही.

गिऱ्हाइकं तर एकेक नमुना. एका वकिलानं सोफ्याला शोभेल असा तपकिरी रंग मागितला. एका बाईंनी विचारलं, "ह्यात चेंडू थोडा कमी करता येईल का?" एका दातांच्या डॉक्टरनं माझी प्रत खुर्चीच्या बरोबर समोर लावली, म्हणजे तोंड वासून बसलेल्या पेशंटला प्रेरणा मिळावी. या सगळ्यांना सामना कुणाचा, पोरगा कोण, काही ठाऊक नव्हतं. मीसुद्धा त्या दिवसांत जरा भाव खाऊन घेतला, खोटं कशाला बोलू?

त्या डॉक्टरच्याच खुर्चीत एक दिवस डावऱ्याची मुलगी येऊन बसली. समोर भिंतीवर तिचे वडील, भलत्याच पायानं गोल मारताना! तोंडात कापूस कोंबलेला, त्यामुळे तिला काही बोलता येईना. डॉक्टरला वाटलं, दुखतंय, म्हणून त्यानं आणखी एक सुई टोचली.

दोन दिवसांनी ती वडिलांना घेऊन रसिकच्या दुकानात आली. कुबडी टेकत म्हातारा आत शिरला आणि मी त्याला तेव्हाच ओळखलं. पँटचा डावा पाय गुडघ्यापाशी दुमडून पिन लावली होती.

"हा फोटो माझा आहे," तो म्हणाला.

रसिक खुलला. "वा! कितवी प्रत घेतलीत?"

"घेतली नाही. त्यात आहे मी."

मेव्हण्यानं धावत खुर्ची आणली. "काका! तुम्ही स्वतः! आमचं भाग्य!"

"पाय चुकलाय. मी डाव्यानं मारला होता."

रसिक समजूतदारपणे हसला. "काका, वयानं होतं असं कधीकधी. आमच्या जाणकारांनी उजव्या पायावर अख्खा लेख लिहिलाय."

"अहो, माझ्या बाबांना त्यांचा पाय माहीत नसेल?" मुलगी भडकली.

"तसं नाही ताई. पण काही पुरावा? पेपरातलं कात्रण वगैरे?"

"होतं. भाड्याच्या खोलीत भिंतीला चिकटवलेलं. घरमालकानं त्यावर रंग मारला."

म्हातारा खाली, पिन लावलेल्या पँटकडे बघत म्हणाला, "पुरावा दवाखान्यात कापला. साखरेनं खाल्ला होता. आता तो पाय कुठं उरला असेल तर तुमच्या त्या फिल्मवर. मला पैसे नकोत, काही नको. माझा पाय मला एकदा नीट बघायचाय."

आपण एका माणसाचा पाय सांभाळतोय, हे मला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं.

मग मला बाहेर काढलं आणि दिव्यासमोर धरलं. एका बाजूनं डावा पाय, दुसऱ्या बाजूनं उजवा. मेव्हण्यानं टाळी वाजवली. "बघा! दोन्हीकडून दिसतंय. म्हणजे दोघांचंही बरोबर. वादच मिटला!" मला असा संताप आला, की ओरडता येत असतं तर मी दुकान डोक्यावर घेतलं असतं.

म्हातारा कुबडी टेकत भिंतीवरच्या प्रतीशेजारी जाऊन उभा राहिला आणि त्यानं चष्मा काढला. उजव्या भुवईवर जुनी खोक होती. फोटोतल्या पोराची खोक डाव्या भुवईवर. रसिकनं याच्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि दाखल्यांचा गठ्ठा जवळ ओढला.

"सगळ्या दाखल्यांवर माझी सही आहे हो," तो पुटपुटला.

मेव्हणा मात्र कुठला डगमगतोय! "भाऊजी, उलट सोनं झालं! चुकीची छपाई म्हणजे दुर्मिळ. काका या जुन्या प्रतींवर सह्या करतील, भाव तिप्पट. मग आपण 'डावी आवृत्ती' काढू. पहिली प्रत काकांनाच, भर समारंभात!"

"मला आत्ता एक नीट छापून द्या की," म्हातारा म्हणाला.

"समारंभाच्या आधी बाहेर गेली तर तिची मजा काय राहील, काका? आधी सह्या तर करा."

"म्हणजे मी उजव्यानं मारला, हे मी कबूल करायचं?"

"कबूल नाही हो. नुसती सही."

"दोन्ही पाय होते तेव्हा उजवा वापरला नाही. आता तुमच्यासाठी वापरू?" म्हाताऱ्यानं चष्मा परत लावला. "सह्या मिळायच्या नाहीत. भिंतीवरची ती उलटी द्या मला."

"बाबा, ती कशाला?" मुलगी म्हणाली.

"घरी कपाटाला मोठा आरसा आहे ना? त्याच्यासमोर लावू. आरशात बघीन."

सवयीनं रसिकचा हात पावतीपुस्तकाकडे गेला आणि परत आला. त्यानं स्वतः उठून ती प्रत उतरवली आणि कागदात गुंडाळून दिली. हातमोजे घालायचं त्या दिवशी तो विसरला. त्याचा चांगुलपणा मी तेवढाच पाहिला, पण पाहिला.

मेव्हणा तोवर आरशांचे भाव विचारत होता.

आता बाजारात 'आरसा आवृत्ती' आहे. प्रत्येक प्रतीबरोबर जोडीचा आरसा, किंमत अर्थातच वेगळी. जाणकारांनी प्रतिबिंबावर नवा लेख लिहिलाय, तोही कुणाला कळलेला नाही. वकिलानं जुनी प्रत बदलून नवी नेली. 'डावी आवृत्ती' बारगळली. सरळ प्रत निघाली तर आरसे कोण घेणार?

परवा रसिक मेव्हण्याला न सांगता म्हाताऱ्याच्या घरी जाऊन आला. बायकोला फोनवर सांगत होता, ते मी ऐकलं. म्हातारा पलंगावर बसलेला, समोर आरसा. रसिक माफी मागायला म्हणून उभा राहिला, दोन वाक्यं बोललासुद्धा. तर म्हातारा म्हणाला, "जरा बाजूला व्हा हो. पाय दिसत नाही."

मी आता प्लॅस्टिकच्या पाकिटात, लोखंडी कपाटात असते. चकचकीत बाजू अजून वरच आहे. तुमच्यापैकी कुणी रसिकला ओळखत असेल, तर त्याला माझा निरोप द्या. फार काही करायचं नाही. मला एकदा पालथी घाल आणि एकच प्रत काढ, बिनआरशाची. पण जरा लवकर. मी काय, आणखी शंभर वर्षं कपाटात काढीन. म्हाताऱ्याला तेवढा वेळ नाही.