बैयुन बुवांचा कोरा पंखा

चीनमधल्या सुजौच्या कालव्याकाठी, चहाच्या दुकानासमोर मुंगीलाही वाट मिळू नये एवढी गर्दी उसळली होती. काळी टोपी घातलेल्या बैयुन बुवांनी कोरा रेशमी पंखा उंच धरला, झाडाची डहाळी तीर्थात बुडवली आणि सपासप शिंपडली. बघता बघता रेशमावर डोंगर उभे राहिले, दऱ्यांत धुकं दाटलं आणि खाली इवलासा पूल उमटला. ना कुंचला, ना शाई!

"आजी, तुमचा जीव या डोंगरात भटकत होता," बुवा गरजले. "आता पूल ओलांडून परत निघालाय. काढे फेकून द्या! देवाच्या कामात वैद्याची लुडबुड नको."

लोकांनी हात जोडले. रोंगहुआने मात्र जोडले नाहीत. ती आजी म्हणजे तिची आत्या. खोकल्याने पिंजून निघालेली. वैद्यांच्या काढ्याने नुकता कुठे उतार पडला होता.

रोंगहुआ स्वतः पंख्यांवर डोंगर रंगवणारी. एक कडा साधायला तिची सकाळ जायची. असूया गिळायला तिने चहाचा पेला उचलला आणि ती थबकली. तीर्थाचे शिंतोडे आत पडले होते. चहा काळाकुट्ट!

"आत्या, हे बघ."

"तीर्थ आहे ते. पिऊन टाक!"

"शाई पिऊ?"

घरी येताच आत्याने काढा कुंडीत ओतला.

"कुंडीला खोकला झालाय का गं?" रोंगहुआ म्हणाली.

"कर थट्टा! मी उद्या पुन्हा दर्शनाला जाणार."

"जाऊ या की. मीही येते."

त्या संध्याकाळी तिने चहा उकळून उकळून दाट केला आणि पिवळसर जुन्या रेशमाच्या पंख्यावर त्यानेच चित्र काढलं. वाळल्यावर पंखा कोराच दिसू लागला.

दुसऱ्या दिवशी तिने तो पुढे केला. "बुवा, हा आमच्या घरचा. यावर कृपा करा."

बुवा मनात हसले. काहीच उमटलं नाही, तर दोष हिच्या माथी मारता येणार होता. "श्रद्धा नसेल, तर कोरा राहील हो, पोरी!"

"राहू दे."

डहाळी फिरली. आधी दोन लांब कान उमटले. मग तोंड. मग डोक्यावर थेट बुवांसारखी टोपी घातलेलं अख्खं गाढव!

"बुवा, पूल ओलांडून हेच आलं वाटतं!" मागून कोणीतरी ओरडलं. गर्दी पोट धरून हसली.

"हे... हे मायावी..." बुवा चाचरले.

"माया कसली? चहा आहे!" रोंगहुआने तीर्थाचं भांडं उचललं. "आणि हे तीर्थ म्हणजे लोखंडाच्या खाराचं, हिराकसाचं पाणी. चहाने किंवा माजूफळाच्या तुरट पाण्याने काढलेलं चित्र वाळलं की दिसत नाही. बुवाही डोंगर आधीच असेच काढून आणतात. हिराकस लागला की काळं पडतं. आपले रंगारी काळं रेशीम असंच रंगवतात. ज्याला खोटं वाटतं, त्याने आपल्या पेल्यात ओतून बघावं. फक्त पिऊ नका!"

पेल्यांमागून पेले पुढे आले, आणि सगळे काळे झाले. त्या गडबडीत बुवांनी डहाळी तिथेच टाकून बोटीत उडी मारली.

आत्याने टाकलेली डहाळी उचलून बघितली. "पण डोंगर सुरेख काढतो गं मेला," ती म्हणाली.

"काढतो ना! चित्रं विकून खाल्लं असतं, तर मीच त्याला चहा पाजला असता." रोंगहुआ लोकांकडे वळली. "नवल दिसलं तर खुशाल बघा, टाळ्या वाजवा. पण कोणी औषध सोडायला सांगितलं, की हात जोडण्याआधी एकच विचारा, हे होतं कसं?"

आत्याने तिचा हात धरला. "चल, वैद्यांचं दुकान बंद होईल."