कारहुणवीची मोटार

आमच्या घरात मोटारीला कधी कुणी कार म्हणलं न्हाई, आन सगळा घोटाळा तिथंच झाला.

आमच्या सासऱ्यांनी ती मोटार एका जागीरदाराकडनं बैलजोडी देऊन घेतल्याली. निजामाच्या काळातली, विलायती, शर्यतीत पळवायची मोटार. दोनच माणसं बसणार, वर छप्पर न्हाई, पुढं लांबलचक तोंड आन त्याच्यावर बेडकाच्या डोळ्यासारखे वर आल्याले दोन दिवे. सासऱ्यांनी ती चालवली. आमच्या मालकांनी, म्हंजे श्रीपतरावांनी, नुसती बघितली. मी लग्न होऊन भालकीकडच्या मेहकरात आले तवापासून ती रोडकडच्या शेडात बसून हाय. सीटवर कोंबडी अंडी घालती, मागं कडबा रचल्याला, आन चाकातली हवा तर माझ्या लग्नाच्या आदीच गेल्याली.

लग्नाची हळद उतरली नव्हती तवा मालकांनी मला शबूद दिल्ता, "कला, तुला ह्या मोटारीत बसवून राजेश्वरला न्हेतो." राजेश्वर माझं माहेर. त्याला आता एकतीस वर्षं झाली. मी बसनं गेले, उभ्यानं गेले, एकदा तर सिमेंटच्या टेम्पोत बसून गेले. दरसाल मालक म्हणणार, "अवंदा दुरुस्त करतो."

मला आता ते शेड पायजे होतं. आमच्या बायांच्या गटानं तुरीच्या डाळीची गिरणी घ्यायचं ठरिवलं. मशीन भालकीत येऊन पडल्यालं, आन रोडला लागून जागा म्हणाल तर आमचीच. मशीनवाला म्हणला, "आठ दिवसांत जागा मोकळी दाखवा, न्हाई तर दुसऱ्या गावच्या गटाला देतो." दहा बाया माझ्या तोंडाकडं बघायल्या. मालकांना मोटार विका म्हणलं की एकच उत्तर, "तुला राजेश्वरला न्हेल्याबिगर विकत न्हाई. शबूद म्हंजे शबूद." अवो, जिला शबूद दिला तीच नको म्हणायलीय. पर ऐकतील तर ते श्रीपतराव कसले.

म्हणून मीच पुतण्याला लावलं कामाला. हरिओम हैदराबादेत नोकरी करतो. त्यानं मोबाईलवर मोटारीचे फोटो टाकले, आन दोन दिवसांत श्रीनाथ म्हणून एका माणसाचा फोन आला. जुन्या मोटारी घेऊन नव्यासारख्या करायचा त्याचा धंदा. मी फोन मोठ्या आवाजावर लावल्याला, आमचा गडी मल्लप्पा तिथंच वैरण कापायलता.

"काकू, कार जशी आहे तशीच ठेवा," श्रीनाथ म्हणला. "धूळसुद्धा पुसू नका. कारला मूळ रंग राहिलाय, सगळी किंमत त्यालाच आहे. पौर्णिमेला ट्रक घेऊनच येतो."

मला नवल वाटलं. पोरगी बघायला येणारा कुणी म्हणतो व्हय, पोरीचं तोंड धुऊ नका म्हणून? पर म्हणलं जाऊ द्या, गिऱ्हाइकाची अक्कल गिऱ्हाइकापशी. मालकांनी त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं सोडलं. जेवण मात्र सोडलं न्हाई.

ती पुनव म्हंजे कारहुणवी. आमच्याकडला बैलांचा सण. लोक नुसतं "कार" म्हणतेत. आदल्या दिवशी मी पुरण वाटायलते, खांद्यानं फोन कानाला दाबल्याला, आन पलीकडं मशीनवाला कटकट करायला. तेवढ्यात मल्लप्पा दारात आला.

"अक्का, कारीचं काय करू?"

"दरसाल काय करतोस? धू, रंग लाव, शिंगाला तेल लाव, झूल घाल."

"धू?"

"मग काय तशीच ठेवतोस?"

"रंगबी लावू?"

माझं टाळकं सरकलं. मल्लप्पा कानडी माणूस, म्हणलं ह्याला मराठी कळंना झालंय. त्याला कानडीत सांगितलं, "तोळी, बण्णा हच्चु." धू, रंग लाव. तो मान हलवत गेला.

सणाच्या सकाळी नैवेद्याचं ताट घेऊन मी गोठ्यात गेले. बैलं शेणानं भरल्याली तशीच उभी, आन माझ्याकडं असं बघायली की आम्ही काय घोडं मारलंय.

"मल्लप्पा, कार केली न्हाईस कामून?"

"केली की अक्का. झकास केली. चला दावतो."

तो मला शेडात घेऊन गेला आन माझ्या हातातलं ताट कलंडायचंच राहिलं. मोटारीचं सगळं अंग निळं, त्याच्यावर गुलाबी पंजे, चाकं पिवळी. दोन्ही दिव्यांना तेल चोपडून वर लाल गोंडे बांधल्याले. पाठीवर झूल, पुढं घुंगरमाळ. सीटवरच्या कोंबडीच्या शेपटालाबी गुलाबी लागल्यालं.

"अरे मुडद्या, कुणी सांगितलं हे?"

"तुम्हीच. मी दोनदा इचारलं. फोनवरचा माणूस म्हणला कार धू नको, तुम्ही म्हणलाव धू. मला पगार तुम्ही देता." मग तो जरा लाजून म्हणला, "शिंगं काय सापडंनात. वर आल्याली ही दोनच होती. आन दरसालासारखं हळद-तेल पाजलंय. तोंडाला झाकण हाय पुढं, त्यातनं ओतलं."

मालक मागनं आले. मोटारीला एक येढा मारला आन पाच दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलले, "लई शोभायलीय."

मला रडूच आलं. दहा बायांना काय सांगू? गिरणी गेली, आन माझ्याच जिभेनं गेली. मल्लप्पाला शिव्या द्याव्या तर त्या बिचाऱ्यानं माझंच ऐकल्यालं.

अकराला श्रीनाथ ट्रक घेऊन आला. शेडात शिरला. कडब्याच्या पेंडीवर बसला.

"काकू, हे काय केलंत?"

"आमच्यात सणाला करतेत," मी म्हणलं. दुसरं काय सांगणार?

तो उठला, ड्रायव्हरला म्हणला, "ट्रक वळव." मालक लगेच त्याला वाट दाखवायला पुढं. पर मल्लप्पा आडवा आला. त्याच्या कामाला नाव ठेवल्यालं त्याला खपत न्हाई.

"सायेब, काय कमी पडलं?"

"मूळ रंगावर ऑईल पेंट फासलास, आणि काय कमी पडलं विचारतोस?"

"ऑईल पेंट?" मल्लप्पा तापला. "जनावराला ऑईल पेंट लावतेत व्हय? कातडं जळतंय. पाण्याचा रंग हाय तो. एका अंघोळीत जातोय."

श्रीनाथनं बोट ओलं करून दारावर घासलं. निळं गेलं, खालनं गर्द हिरवं निघालं. एकतीस वर्षांत मी तो रंग बघितला नव्हता. त्यानं आणिक घासलं.

"आधी धुतलीस ती कशानं?"

"ओल्या फडक्यानं, सायेब. हळूहळू. म्हातारं जनावर हाय ते."

श्रीनाथ हसायला लागला. डोळ्यात पाणी येईस्तवर हसला. म्हणला, "घेतो. तेल पाजल्याबद्दल थोडी किंमत कमी करा." मी लगेच हो म्हणलं.

पर मालक शेडाच्या दारात हात पसरून उभे. "मोटार जायची न्हाई. मी शबूद दिलाय."

श्रीनाथनं माझ्याकडं बघितलं. लाज वाटली, पर सांगितलं त्याला सगळं, राजेश्वरचं.

"राजेश्वर?" तो म्हणला. "हायवेवरचं ना? मी तिथूनच तर जाणार आहे."

मालकांचे हात खाली आले. ते घरात गेले आन लग्नातला फेटा बांधून बाहेर आले.

शेणानं भरल्याल्या बैलांनी ती रंगवल्याली मोटार ओढून शेडाबाहेर काढली. ट्रकवर चढवली, दोरखंडानं आवळली. मग मालक वर चढून स्टेअरिंगपुढं बसले आन मला हात दिला. कोंबडीला उठवून मी शेजारी बसले, मांडीवर पुरणपोळीचा डबा.

बसवकल्याणपातुर लोक फोटो काढायलते. ट्रक वळला की मालक स्टेअरिंग वळवायचे. खड्डा आला की म्हणायचे, "सांभाळून बस." वारं लागून माझा पदर उडायला, घुंगरमाळ वाजायली. मी उगं तोंड वाकडं करून बसल्याली, पर मला लई बरं वाटायलतं. आता खोटं कशाला बोलू?

राजेश्वरचा फाटा आला. ट्रक थांबायच्या आदी मालकांनी पायानं ब्रेक दाबला.

"उतर कला," ते म्हणले. "आलं तुझं माहेर. फिटला शबूद."

रस्त्यावर माझी भावजय अन्नपूर्णा तोंडाला पदर लावून बघायलती. शेड मोकळं झालं, उद्या मशीन येणार, सगळं माझ्या मनासारखं झाल्यालं. आन माझा पाय काही उचलंना.

"एवढ्यात कुठं उतरू?" मी म्हणलं. "वेशीपातुर एक चक्कर मारा की."

श्रीनाथनं खालनं केबिनीतनं ऐकलं आन ड्रायव्हरला हात केला. मालकांनी फेटा सारखा केला, स्टेअरिंग गावाकडं वळवलं, आन ट्रक निघाला.