काट्यावर दोघं

मी वजनकाटा बोलतोय. कॅन्सरच्या दवाखान्यात, किरणोपचाराच्या खोलीबाहेर, सिस्टरांच्या टेबलाशेजारी माझी जागा. माझे जातभाई घरोघरी आकडा वाढला म्हणून बोलणी खातात. माझ्याकडे सगळं उलटं. इथे पाव किलो वाढलं तरी माणसाचा चेहरा फुलतो.

एक ड्रायव्हरकाका यायचे, बायकोला घेऊन. घशातल्या गाठीसाठी काकांना सात आठवडे रोज किरणांचा शेक घ्यायचा होता. मशीनखाली निजताना चेहऱ्यावर जाळीचा घट्ट मुखवटा. वजन उतरलं की तो सैल होतो, आणि किरणांचा नेम चुकू शकतो. म्हणून दर सोमवारी ते माझ्यावर उभे राहत.

तिसऱ्या आठवड्यात घसा सोलवटला, पाणीही टोचू लागलं. पण वजन काही हलेना. सिस्टरांनी मात्र पाहिलं, की काकांनी पट्ट्याला नवं भोक पाडलंय. त्यांनी खिसे रिकामे करायला लावले. आतून गाडीचे दोन लोखंडी पाने आणि एक भलंमोठं कुलूप निघालं. वजन घटलं तर नाकातून नळी घालतील, या धास्तीने काकांनी ही शक्कल लढवली होती. खरं वजन तीन किलोंनी उतरलं होतं.

सिस्टर रागावल्या नाहीत. "काका, मला फसवाल हो, मुखवट्याला कसं फसवणार?"

डॉक्टरांकडून त्यांनी आठवड्याची मुदत मागून घेतली. जेवणाआधी घसा बधिर करणाऱ्या औषधाची गुळणी, मग दर दोन तासांनी मऊ, गार, बिनतिखट चार घास. रोज शेकाआधी त्या काकांजवळ बसून काय गिळलं, कुठे दुखलं, ते विचारत. पुढच्या सोमवारी घसरण थांबली. नळी टळली. शेवटच्या दिवशी तर एक किलो परत आलं होतं. काका खाली उतरायलाच तयार नव्हते.

मग सिस्टर काकूंना म्हणाल्या, "ताई, आता तुम्ही उभ्या राहा."

"मला काय धाड भरलीय?" म्हणत त्या चढल्या. पाच किलो घटल्या होत्या. सात आठवडे नवऱ्याने टाकलेलं तेवढंच त्या खात होत्या, तेही उभ्याउभ्या.

काकांना बोलायची मनाई होती. तरी घोगऱ्या आवाजात म्हणाले, "उद्यापासून हिचं ताट मी वाढणार."

तीन महिन्यांनी दोघं तपासणीला आले. काकूंचं वजन सहा किलोंनी वाढलं होतं. यांना आता आवरा, अशी त्यांनी सिस्टरांकडे तक्रार केली, आणि सिस्टर टेबल धरून हसत सुटल्या.

आता माझा रबर झिजलाय, एक आकडा अधूनमधून लुकलुकतो. पण काम चोख आहे. तुम्ही कुणाला सोबत घेऊन आलात, तर त्याच्यामागोमाग चपला काढून तुम्हीही या. मला दोघं जड नाहीत.