दमायच्या आधी बसणं

गुम-रानचे रिपोर्ट नेहमी उत्तम यायचे. हाडं ठीक, रक्त ठीक, थायरॉइड ठीक. गांगजिन गावातल्या हाडांच्या डॉक्टरने तर एक्स-रे दिव्यासमोर धरून "या वयात असा मणका बघायला मिळत नाही," असं कौतुकही केलं होतं. तो कौतुकाचा मणका घेऊन गुम-रान घरी यायची ती बसचा दांडा दोन्ही हातांनी धरून, एकेका पायरीवर थांबत. खांदे दुखायचे, कंबर दुखायची, तळपाय दुखायचे. कधी कधी केस विंचरताना डोक्याची कातडीसुद्धा दुखायची. रात्रभर झोपूनही सकाळी असं वाटायचं, की कोणीतरी तिला भाताच्या गिरणीत राबवून पहाटे गादीवर आणून टाकलंय.

सुया टोचून झाल्या, काढे पिऊन झाले, गरम दगडांवर झोपून झालं. शेवटी ग्वांगजू शहरातल्या एका डॉक्टरीणबाईंनी तिचं बोलणं मध्ये न तोडता ऐकलं आणि म्हणाल्या, "याला फायब्रोमायल्जिया म्हणतात. तुमचं दुखणं खरं आहे. मेंदू आणि मज्जातंतू दुखण्याचा आवाज फार मोठा करून ठेवतात. जीवाला धोका नाही, पण पूर्ण जाईल असं वचनही देत नाही. सांभाळून राहायला शिकावं लागेल."

गुम-रानला रडूच फुटलं. डॉक्टरीणबाईंनी कागदी रुमालांचा डबा पुढे सरकवला. "घाबरू नका."

"घाबरले नाही हो," गुम-रान नाक पुसत म्हणाली. "त्याला नाव आहे, म्हणून बरं वाटलं."

मग बाईंनी सांगायला सुरुवात केली. एक गोळी, रोज थोडं चालणं, जमलं तर कोमट पाण्यातला व्यायाम, झोपेची ठरलेली वेळ. आणि काम तुकड्या-तुकड्यांनी. "बरं वाटेल त्या दिवशी जास्त जपा. तुमच्यासारख्या बायका बऱ्या दिवशी आठवड्याचं काम उरकतात आणि मग आठवडाभर उठत नाहीत. दमायच्या आधी बसायचं."

"दमल्याशिवाय कसं बसायचं? लोक काय म्हणतील?"

"लोकांवरचं औषध माझ्याकडे नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

लोक म्हणजे मुख्यतः आत्याबाई. गुम-रानचे सासूसासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती. सासूची रिकामी जागा सासऱ्यांच्या धाकट्या बहिणीने, माल-सुन आत्याबाईंनी, कोणाला न विचारता भरून काढली होती. पंचाहत्तरी ओलांडलेली बाई, पण कांद्याच्या वाफ्यात उकिडवी बसली की तरुण पोरींना मागे टाकायची. त्यांना फोनवर आजाराचं नाव सांगताना गुम-रानची जीभ वळेना.

"फायबर?" आत्याबाई म्हणाल्या. "मग त्यात डॉक्टर कशाला पाहिजे? मुळ्याचा पाला खा. पोट साफ होईल."

"ते फायबर नाही, आत्याबाई. स्नायूंचं आहे."

"पोट साफ नसलं की स्नायूही धरतात."

त्यानंतर दर आठवड्याला बसने मुळ्याच्या वाळवलेल्या पाल्याची गाठोडी येऊ लागली. गुम-रानचं पोट आधीही साफ होतं, आता तर ती त्या बाबतीत अख्ख्या जिल्ह्यात पहिली आली असती. खांदे मात्र तसेच दुखत होते.

नवऱ्याचं वेगळं होतं. दोक-सू ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायचा. शिकाऊ माणसाच्या बाजूला बसून आयुष्य गेलेलं, पायाखाली स्वतःचा वेगळा ब्रेक. त्याला आजाराचं नाव घेता आलं नाही, पण गोष्ट लगेच कळली. "म्हणजे गाडी चांगली आहे, फक्त टाकी लहान आहे. काटा खाली यायच्या आत थांबायचं." तेव्हापासून गुम-रान घरात जरा जास्त भराभर काही करू लागली की त्याचा उजवा पाय आपोआप जमिनीवर आपटायचा. ती भांडी घासायला लागली, थांबायचं सोडून एक तवाही घासायला घेतला, की बाहेरच्या खोलीतून धप्प आवाज यायचा.

"अहो, मी शिकाऊ आहे का?"

"माझा पाय आहे, माझं ऐकत नाही," तो पेपरमधून डोकं न काढता म्हणायचा.

नोव्हेंबर आला आणि किमजांगचा दिवस ठरला. वर्षभर पुरेल इतकी किमची, कोबीचं तिखट लोणचं, एकदम घालायची म्हणजे अख्खं घर राबतं, आणि थोरल्या सुनेच्या अंगणात घालायची म्हणजे थोरली सून सगळ्यात जास्त राबते. आदल्या वर्षी गुम-रानने कोबी चिरला, खारवला, धुतला, मसाला कालवला, पानापानात भरला. आलेल्यांना डुकराचं मटण उकडून वाढलं आणि जाताना प्रत्येकाच्या हातात डबा दिला. सगळे तृप्त होऊन गेले. पुढचे कित्येक दिवस तिला चमच्याने जेवावं लागलं, कारण चॉपस्टिक धरवत नव्हत्या.

या वर्षी तिने आत्याबाईंना आधीच फोन केला. "या वेळी खारवलेला तयार कोबी मागवतेय. आणि जमिनीवर बसून करणार नाही. टेबलं मांडणार आहोत. पुरुषांनाही हातमोजे घालायला लावणार आहे."

पलीकडून आत्याबाईंनी तिला प्रत्येक गोष्ट पुन्हा एकदा सांगायला लावली.

"मी आदल्या दिवशीच येते," आत्याबाई शेवटी म्हणाल्या. "घरात कोणीतरी शुद्धीवर असलेलं पाहिजे."

आत्याबाई आल्या त्या स्वतःची परात, मसाल्यात घालायची स्वतःची खारवलेली कोळंबी आणि शेतात कमरेला पट्ट्याने बांधतात ती गोल गादी घेऊन. त्या गादीमुळे चालताना मागून त्या एखाद्या बदकासारख्या दिसत, पण हे त्यांना सांगायची कोणाची छाती नव्हती.

किमजांगच्या सकाळी गुम-रान उठली आणि तिच्या लक्षात आलं, की काहीच दुखत नाहीये. तिने खांदे फिरवून पाहिले. मान वळवून पाहिली. असा दिवस महिन्यातून एखादा यायचा आणि आला तोही नेमका आज.

"चेहरा तर टवटवीत आहे," आत्याबाई स्वयंपाकघरात म्हणाल्या. "आजारी माणूस असा दिसतो होय? आमच्या शेजारची बाई खरंच आजारी होती, ती पिवळी पडली होती."

गुम-रानला ते लागलं. पिवळं न पडल्याचा तिला मनापासून खेद वाटला. आणि मग आज आपण काय आहोत ते या बाईला दाखवायचंच, असं तिच्या मनाने घेतलं.

अंगणात दोक-सूने ड्रायव्हिंग स्कूलमधून आणलेली लेखी परीक्षेची टेबलं जोडून मांडली होती. सोलहून धाकटा दीर दोक-मान आणि त्याची बायको ह्ये-वोन आली होती. दोक-मान दरवर्षी फक्त मटण शिजल्यावर यायचा. या वर्षी ह्ये-वोनने त्याला कोपराला धरूनच आणला होता आणि आता तो लाल रबरी हातमोजे घालून, शस्त्रक्रियेला निघाल्यासारखे हात वर धरून उभा होता.

"वहिनी, एका पानात मसाला किती?"

"पान दिसेनासं होईल इतका नको, पान उघडं वाटेल इतका कमीही नको."

"म्हणजे ग्रॅममध्ये किती?"

"गप लाव," ह्ये-वोन म्हणाली.

गुम-रानने मुळा किसला. मग तिखट कालवलं. मग थांबायचं होतं, पण हात हलके होते, म्हणून तिने लसूणही वाटला. मग पाणी निथळायला ठेवलेल्या कोबीची टोपली तिने एकटीने उचलली आणि अंगणाच्या मध्यापर्यंत आणली. दोक-सूचा पाय दणकन आपटला. सगळ्यांनी वळून पाहिलं.

"ती टोपली खाली ठेव," तो म्हणाला.

"आज काही होत नाहीये मला."

"आज होत नाहीये म्हणूनच."

"बघा," आत्याबाई जमिनीवरून म्हणाल्या. त्यांनी टेबलाला हात लावायला नकार देऊन अंगणाच्या कोपऱ्यात ताडपत्रीवर स्वतःची परात मांडली होती. "स्वतः म्हणतेय होत नाही म्हणून. काम करू दे तिला. माणूस झोपून राहिलं की गंजतं."

टोपली हातात धरून गुम-रान उभी राहिली. एका बाजूला नवरा, एका बाजूला आत्याबाई, आणि खांद्याच्या मागे, अगदी आत, एक बारीकशी ठिणगी पेटल्यासारखी वाटली. ती ठिणगी तिच्या ओळखीची होती. अजून दुखणं आलं नव्हतं, येणार म्हणून फक्त कळवत होतं. गेल्या वर्षी तिने त्याला म्हटलं होतं, थांब, एवढं उरकू दे.

तिने टोपली दिराच्या हातात दिली. "मी आडवी पडायला जातेय," ती म्हणाली.

हे वाक्य बोलणं तिला आयुष्यातल्या सगळ्या टोपल्यांपेक्षा जड गेलं. घरात पाहुणे, अंगणात कोबी, आणि थोरली सून निजायला निघाली. तिने हातमोजे काढले, आत गेली आणि खालून ऊब दिलेल्या जमिनीवर पाठ टेकली. खिडकी अंगणाकडेच उघडी होती, त्यामुळे तिला सगळं ऐकू येत होतं.

"आमच्या वेळी बाई बाळंत व्हायला तेवढी आडवी व्हायची," आत्याबाईंचा आवाज आला.

"तेही शेताच्या बांधावर, माहीत आहे," ह्ये-वोन म्हणाली. "आत्याबाई, खरं सांगा, तुम्हाला कधी काही दुखलंच नाही?"

"दुखलं तर कोणाला सांगायचं? सासऱ्याला?"

दोक-मानने मटण शिजलं का विचारलं आणि त्याला सांगण्यात आलं, की नाही.

गुम-रानला आधी लाज वाटली, मग राग आला, मग दोन्ही गेलं आणि तिला चक्क डुलकी लागली. जाग आली तेव्हा ठिणगी होती तिथेच होती, वणवा झाला नव्हता. ती उठली, खुर्ची टेबलाच्या टोकाला ओढून बसली आणि तिने मसाला चाखायचं काम घेतलं. बसल्या जागी राज्य करता येतं, हे तिला पंचावन्नाव्या वर्षी कळत होतं.

"कोळंबी कमी आहे. अहो, मोहरीची पानं इकडे. भाऊजी, ते कोबीचं पान आहे, परीक्षेचा पेपर नाही, उलटून बघत बसू नका."

टेबलाभोवती उभं राहून काम करताना एक गोष्ट झाली जी जमिनीवर कधी होत नसे. सगळ्यांची तोंडं एका उंचीला आली आणि गप्पांना रंग चढला. ह्ये-वोनने हलक्या आवाजात त्यांच्या इमारतीतल्या एका निवृत्त मुख्याध्यापकांची गोष्ट काढली. ते आणि खालच्या मजल्यावरची विधवा बाई लिफ्टमध्ये अडकले होते, आणि सुटका करायला माणसं आली तेव्हा दोघांनी आतून सांगितलं होतं, की घाई नाही.

"मग?" दोक-सूने विचारलं. त्याचा हात पानातच थांबला.

"मग काय, दार उघडलं तर दोघं जमिनीवर बसून—" पुढचं ती कुजबुजली. टेबलावर हास्याचा स्फोट झाला. दोक-मानने हसता हसता मसाल्याचा हात कपाळाला लावला आणि डोळ्यात तिखट गेल्यामुळे तो अंगणभर नाचला.

कोपऱ्यातल्या ताडपत्रीवर आत्याबाई एकट्याच कोबी भरत होत्या.

"जमिनीवर बसून काय?" त्यांनी विचारलं.

कोणाला ऐकू गेलं नाही. ह्ये-वोन पुढचं सांगत होती.

"अगं, कोणाचं काय झालं? लिफ्टमध्ये कोण होतं? मोठ्याने बोला की जरा."

"आत्या, असल्या गोष्टी मोठ्याने सांगत नाहीत," दोक-सू म्हणाला. "शेजारी ऐकतील."

आत्याबाईंनी आणखी दोन पानं भरली. मग गुडघ्यावर हात टेकून, हळू, फार हळू त्या उठल्या. उठताना त्यांच्या तोंडून जो आवाज आला तो गुम-रानने ओळखला. तिच्या स्वतःच्या तोंडून रोज सकाळी तोच यायचा. आत्याबाई परात घेऊन टेबलाशी आल्या, कमरेची गादी तशीच मागे बांधलेली, आणि म्हणाल्या, "तुम्हा लोकांचं भरणं बघायला आले. बिघडवून ठेवाल. हं, मुख्याध्यापकांचं पहिल्यापासून सांग."

गुम-रानने दुसरी खुर्ची पायाने पुढे सरकवली. आत्याबाईंनी खुर्चीकडे पाहिलं नाही. त्या फक्त बसल्या, आणि मटण वाढेपर्यंत उठल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुम-रानला दुखत होतं. डॉक्टरीणबाईंनी वचन दिलं नव्हतंच. पण न्हाणीघरापर्यंत ती स्वतः गेली, चॉपस्टिकने जेवली, आणि मग दुलई घेऊन पुन्हा आडवी झाली. गेल्या वर्षीच्या मानाने हे म्हणजे सहलीला गेल्यासारखं होतं.

आत्याबाईंची बस दुपारची होती. त्या खोलीत आल्या, तिच्या पायाशी बसल्या आणि तिची पोटरी चेपायला लागल्या. बोटं कांदे उपटून टणक झालेली. गुम-रानच्या डोळ्यांतून पाणी आलं. इतक्या वर्षांत तिने आत्याबाईंना कधी कशाला नको म्हटलं नव्हतं.

"आत्याबाई, दाबू नका. त्याने जास्त दुखतं."

"चेपल्याने दुखतं?"

"हो. असाच आजार आहे."

"हा कसला आजार," आत्याबाई पुटपुटल्या. पण बोटं थांबली. "मग काय करू?"

"नुसता हात ठेवा. गरम आहे तुमचा."

आत्याबाईंनी हात ठेवला. असं काहीही न करता बसायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी खिडकीकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, दुलईचा एक सुटलेला दोरा तोडला.

"मलाही इथे दुखतं," दुसरा हात कमरेवर नेत त्या म्हणाल्या. "थंडीत. तुझ्या त्या डॉक्टरीणबाई म्हातारी माणसं बघतात का?"

"बघतात. पुढच्या वेळी माझ्याबरोबर चला."

"बघू," आत्याबाई म्हणाल्या. "पण कोणाला सांगू नकोस. दोक-मानने भरलेले डबे मी नेणार नाहीये, ते सांग हवं तर. त्यात मसाला फक्त वरून लावलाय."