फ्लॉपीला लागलेलं कुंकू

मित्रांनो, मी कॉम्प्युटरची एक जुनी फ्लॉपी. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी मला पाहिलंच नसेल, म्हणून आधी रूप सांगते. काळी, चौकोनी, पापडासारखी पातळ. मधोमध भोक आणि खाली एक उघडी खिडकी. त्या खिडकीतून आतली चकती दिसते. तीच माझा जीव. तिला बोट लागलं की मी संपले. शाळा मी शिकले नाही, पण एवढं शहाणपण मला जन्मापासून होतं. माणसांना ते कधी आलंच नाही.

एकोणनव्वद साली मला नागपूरहून पांढुर्ण्याला आणलं. बसस्टँडजवळ यशवंतरावांचा टायपिंग क्लास होता. त्यांनी तीन कॉम्प्युटर घेतले. आले ते डौलात, पण येत होती नुसती इंग्रजी! मराठी लिहायला सांगितलं की मुकी जनावरं. सकाळी बटण दाबलं की आधी मी आत जायची, कुरकुर करून त्यांना मराठी शिकवायची, मगच त्यांना कंठ फुटायचा. संध्याकाळी वीज बंद केली की सगळं विसरायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा मीच. तिन्ही कॉम्प्युटर म्हणजे माझ्या सुनाच, माझ्या शब्दावर चालायच्या असं समजा. सौसरच्या एका दुकानात नवा कॉम्प्युटर आला, तर त्याला मराठी बोलतं करायलाही मलाच बसमधून नेलं.

पण हात, मित्रांनो, काय सांगू त्या हातांचं! शी! कोणाचा चिवड्याचा तेलकट, कोणाचा संत्र्याच्या सालीनं चिकट. यशवंतराव तर तंबाखू मळता मळता तीच बोटं पुढं करायचे. माझ्या अंगावर काटा यायचा.

एकच मुलगी मला कडेनं धरायची. चंद्रकला. बोरगावची, बौद्ध घरातली, मॅट्रिक झालेली. नवीनच लागली होती, अजून कामावर पक्की नव्हती. दिवाळीआधी मराठी शाळांचे सहामाहीचे पेपर कॉम्प्युटरवर नीट निघाले तर नोकरी पक्की, असं यशवंतरावांनी सांगितलं होतं. घरी बाप आजारी. तिचं सगळं त्या पेपरांवर होतं.

दसरा आला. चंद्रकला घरच्यांबरोबर नागपूरला दीक्षाभूमीवर गेली. जाताना मला कागदाच्या खोळीत घालून, पेटीत ठेवून, पेटी लावून गेली.

इकडं यशवंतरावांच्या आई, शांताबाई, पूजेचं ताट घेऊन क्लासमध्ये आल्या. टाईपरायटर, कात्री, स्टेपलर, सगळ्यांना हळदकुंकू झालं. मग पेटी उघडली.

"आई, तिले राहू दे," यशवंतराव म्हणाले.

"काऊन? सगळ्यात जास्ती तेच राबते ना! अन् देवापुढं खोळ घालून बसते का कोणी? काढ ते बाहेर!"

मला उघडं केलं. पाण्यात कालवलेलं कुंकू बोटावर घेतलं आणि नेमकं कुठं टेकवलं? खिडकीवर! वर अक्षता. वर नारळाच्या पाण्याचे शिंतोडे. मग बाईंनी पदरानं मला खसखसून पुसलं, खोळीत घातलं आणि म्हणाल्या, "आता वर्षभर पाहाच नको." मला बोलता आलं असतं तर त्या दिवशी मी काही राखून ठेवलं नसतं.

दुसऱ्या दिवशी चंद्रकला आली. तिनं मला मशीनमध्ये घातलं. आत करकर आवाज झाला, पडदा कोराच. तिचं तोंड उतरलं. यशवंतरावांनी मला उपसून दुसऱ्या मशीनमध्ये घातलं, मग तिसऱ्या. तिन्हींच्या पोटात तो कुंकवाचा चिखल माझ्याच अंगानं गेला. तिन्ही गप्प झाली.

"काय केलं व तू?" यशवंतराव ओरडले. "यात्रेतून आली अन् तशाच धुळीच्या हातानं धरली असन!"

"नाही काकाजी. हात धुऊनच बसली मी."

"आमच्या घरच्या वस्तूले आजवर कधी काही झालं नाही," शांताबाई म्हणाल्या. "बाहेरचा हात लागला का असंच होते."

मला किळस आली, मित्रांनो. तेलाची नाही, तंबाखूची नाही. त्या वाक्याची.

चंद्रकला घरी गेली. पेपर अडकले.

दोन दिवसांनी विनायक नावाचा कारागीर नागपूरहून नवी फ्लॉपी घेऊन आला. त्यानं मशीन उघडलं, कापूस फिरवला. कापूस लालभडक.

"काकाजी, मशीनचं लग्न लावलं का?"

यशवंतराव हळूच म्हणाले, "हे कोणाजवळ बोलू नका." आणि बोरगावला निरोप धाडला, 'चूक पोटात घातली आहे, कामाला ये.'

विनायक अजून मशीनं पुसतच होता, तेवढ्यात दुपारच्या बसनं ती आली. पण दारातच थांबली.

"ये ना. माफ केलं तुले."

"कशाची माफी, काकाजी?"

"जाऊ दे ना आता. पेपर थांबले आहेत."

"पेपर मी करून देतो. पण गावभर माह्यंच नाव खराब झालं. चूक कोणाची ते इथं सांगा, मंग बसतो खुर्चीवर. नाही तं बस उभी आहे."

यशवंतराव छताकडं पाहू लागले. विनायक कापूस हातात धरून तसाच उभा. बाहेर कंडक्टर सौसर, सौसर ओरडत होता. चंद्रकला वळली.

"थांब," मागून आवाज आला. शांताबाई ताठ उभ्या होत्या. "म्या लावलं कुंकू. माह्याच हातानं. तू तं इथं नवतीच. आता बसते का तू, का आरती ओवाळू?"

चंद्रकला बसली. पेपर मराठीतच निघाले आणि तिची नोकरी पक्की झाली. यशवंतरावांनी मात्र तिची माफी मागितली नाही. ते मी अजून विसरले नाही.

मी काही नीट झाले नाही. काही वर्षं चहाच्या कपाखाली होते, आता रद्दीच्या पेटीत आहे. मानाची हौस उरली नाही. एवढंच मागणं आहे, मित्रांनो. वस्तूला वर्षातून एकदा पुजू नका, रोज जपा. आणि ती बिघडली तर कोणाचा हात मळका हे शोधायला बाहेर जाण्याआधी आपला हात उजेडात धरून पाहा.